गरम झाली की बंद पडते

आमच्या घरात मी बोलते आणि अप्पा ऐकतात. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. अप्पा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर, आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढले. आम्ही इथे कन्नड मुलखात, बनशंकरीत राहतो. आमचे लोक या गावात किती पिढ्यांपासून आहेत ते धड कुणालाच सांगता येत नाही. आमच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याहून आलेले माझे ऑफिसातले सहकारी हसतात. हसू देत.

अप्पांकडे एक जुनी मोटारसायकल आहे. किक मारून चालू होणारी, टाकीवरचा रंग गुडघ्यांनी घासून गेलेली. तिच्यावरून मी शाळेत गेले, कॉलेजच्या प्रवेशाला गेले, आणि आईला शेवटचं डॉक्टरकडे नेलं तेही तिच्यावरूनच. आता अप्पा तिच्यावरून आठवड्यातून दोनदा आमच्या इथल्या शिवाजीनगरला जातात. तिथे त्यांचा कचेरीतला दोस्त राहतो. त्याला अर्धांगाचा झटका आलाय, वाचता येत नाही. अप्पा त्याला पेपर वाचून दाखवतात, पहिल्या पानापासून मृत्यूच्या जाहिरातींपर्यंत. बसने जायचं तर दोन बदलाव्या लागतात आणि अप्पांचे गुडघे बसच्या पायऱ्या मानत नाहीत. म्हणजे गाडी गेली की पेपरही गेला.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी तोंड सोडलं. झालं असं की दिवाळीच्या सुमाराला गाडी एकदा रस्त्यात बंद पडली आणि अप्पा उन्हात ढकलत घरी आले. शर्ट पाठीला चिकटलेला. मी घाबरले, आणि मी घाबरले की ओरडते. आणखी एकदा ही अशी बंद पडली तर त्याच दिवशी विकून टाकणार, असं मी त्यांना बजावलं. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला आणि वर शहाणपण सांगितलं की जुन्या गाड्या गरम झाल्या की असंच करतात, अक्का, देऊन टाका. मी म्हटलं, ऐकलंत ना अप्पा? अप्पा म्हणाले, सरी, म्हणजे बरं.

त्यानंतर गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही. निदान मला तसं वाटलं. पण अप्पांना उशीर व्हायला लागला. कधी पाऊण तास, कधी तास. विचारलं की म्हणायचे, रस्ता चुकलो स्वल्प. पहिल्यांदा मी हसले. ज्या माणसाने चाळीस वर्षं या शहराचे नकाशे काढले तो रस्ता चुकतो? दुसऱ्यांदा मला हसू आलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी तेच सांगितलं तेव्हा मला भीती वाटली, यांना विसर पडायला लागला की काय. मग मी त्यांच्याकडे बघायलाच लागले. चष्मा कुठे ठेवला ते विसरले की मनात नोंद. शेजारणीचं नाव चुकलं की नोंद. रात्रीची गोळी घेतली का, हे मी त्यांना दोनदा विचारायचे आणि दोन्ही वेळा तेच उत्तर येतंय का ते बघायचे. मीठ संपलं हे मी स्वतः तीनदा विसरले, त्याची मात्र नोंद नाही.

शेवटी मी विसरण्याच्या आजारांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली. अप्पांना सांगितलं, बीपी दाखवायचंय. त्यावरही ते सरी म्हणाले.

त्याच्या आधीच्या शनिवारची गोष्ट. मी रिक्षातून येत होते. लालबागच्या भिंतीला लागून, झाडाच्या सावलीत, मला आमची गाडी दिसली. शेजारी फुटपाथवर रुमाल पसरून अप्पा बसले होते. हरवलेल्या माणसासारखे मुळीच दिसत नव्हते. बस येण्याची वाट बघतो तसं मांडीवर हात ठेवून बसले होते. मी रिक्षा थांबवली, उतरले, आणि भर रस्त्यात विचारलं की घरचा रस्ता इथून सरळ आहे, तोही सापडत नाही का? अप्पांनी वर बघितलं. मग गाडीकडे बोट केलं. म्हणाले, गरम झालीय. अर्धा तास थांबलं की होते चालू.

मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. दर खेपेला बंद पडत होती. दर खेपेला ते कुठेतरी सावलीत अर्धा-पाऊण तास बसून राहत होते. बंद पडली म्हणून सांगितलं असतं तर मी विकली असती, म्हणून रस्ता चुकलो म्हणून सांगत होते. जन्मात खोटं न बोललेला माणूस, माझ्या धाकाने खोटं बोलायला लागला. मला रागही आला आणि इतकी लाज वाटली की बोलताच येईना. माझं बोलणं बंद होणं ही आमच्या घरात मोठी घटना आहे.

त्यांच्या दोस्ताच्या गल्लीत एक म्हातारे मेकॅनिक आहेत, चाचा. अप्पा कधीपासून त्यांच्याकडे जाऊ म्हणत होते, पण गॅरेज मीच ठरवत होते. त्या दिवशी म्हटलं, चला तिकडेच. गाडीला आईचं हेल्मेट अजून लटकवलेलं असतं. ते मी घातलं आणि मागे बसले. शिवाजीनगरच्या बाजारात शिरलो आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. उरलेलं अंतर ढकलत चाचांच्या दारात पोचलो.

चाचांनी पाना, पकड काहीच उचललं नाही. इंजिनाजवळ हात नेला, चटका बसेल म्हणून मागे घेतला. मग अप्पांकडून किल्ली मागितली आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. फुस्स असा लांब आवाज आला. झाकण तसंच सैल ठेवून त्यांनी एक किक मारली, आणि गाडी चालू. इंजिन तितकंच गरम होतं.

ते म्हणाले, झाकणाला बारीक भोक असतं. त्यातून हवा आत गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. भोक बुजलं की गाडी पंधरा-वीस मिनिटं चालते आणि मग उपाशी मरते. थांबून राहिलं की हवा हळूहळू फटीतून शिरते, म्हणून वाटतं थंड झाली आणि बरी झाली. मग त्यांनी झाकण उलटं केलं. आत दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा होता, नीट दाबून बसवलेला.

तो मी कापला होता. आमची गाडी उघड्यावर असते, झाकणाचं रबर झिजलं होतं, पावसाचं पाणी टाकीत जाईल म्हणून दिवाळीच्या आधी मी पिशवी धुऊन, वाटी ठेवून, कात्रीने गोल कापला होता. चांगला बसला म्हणून स्वतःवरच खूश झाले होते.

चाचांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, हे कोणी केलं?

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "मीच."

यांना खरंच आठवत नाही? हे मी केलं हेही? चाचा त्यांना दोन शब्द सुनावत राहिले, अप्पा मान हलवत राहिले, आणि मी दुधाच्या पिशवीच्या त्या तुकड्याकडे बघत राहिले. सोमवारचा डॉक्टर काय सांगेल ते मला आत्ताच कळलं असं वाटलं.

परतताना गाडी कुठेच अडली नाही. लालबागच्या सिग्नलला थांबलो तेव्हा अप्पा मान न वळवता बोलले.

"तूच लावलं होतंस, ठाऊक आहे मला. पेट्रोल भरताना दर वेळी काढायचो, पुसायचो, परत लावायचो. तू इतकं नीट कापलं होतंस. चार लोकांत तुझं नाव कशाला घेऊ?"

ते पुढे म्हणाले, "आणि सोमवारचं बीपीचं नाही, तेही ठाऊक आहे. येणार होतो मी. तुझा जीव शांत होईल म्हणून."

आईच्या हेल्मेटमध्ये मी रडायला लागले. मी चुकले अप्पा, असं म्हटलं, पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने. शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून बघितलं.

सिग्नल हिरवा झाला. अप्पांनी गिअर टाकला, पण क्लच सोडायच्या आधी थांबले. ज्यांनी मला याच टाकीवर पुढे बसवून सगळं गाव दाखवलं होतं, त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारलं, "मग आता गाडी राहू देशील ना?"