कागद नीट बसला का?

बडोद्याजवळच्या आमच्या नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात लक्ष्मीकांत सदतीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता, आणि तेवढीच वर्षं मी, स्टोअर्सचा गजेंद्र, त्याचं डोकं खात होतो. या महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता.

मालाचा साठा दाखवणारा प्रोग्राम अठ्ठ्याऐंशी साली त्याच्याबरोबर काम करणाऱ्या निरुपमानं लिहिला. तो रोज साडेतीनला रिपोर्ट छापायच्या आधी मध्येच थांबून पडद्यावर विचारायचा, कागद नीट बसला का? 'हो'साठी शून्य दाबलं की पुढे सरकायचा. तेव्हाचा प्रिंटर कागद हमखास वाकडा ओढायचा. मग ही दोघं दोन टोकं धरून तो सरळ करायची. लक्ष्मीकांतचं प्रेमप्रकरण म्हणाल तर एवढंच. गडी मिठाची गुळणी धरून बसला आणि पाच वर्षांनी निरुपमा लग्न होऊन इंदूरला गेली. हा बडोद्यात, अकोटा भागातल्या फ्लॅटात एकटाच राहिला.

पुढे मशीन तीनदा बदललं. पण नव्या कुकरात जुनंच वरणाचं भांडं ठेवावं, तशी त्या नव्या मशीनमध्ये जुन्या मशीनची जागा राखलेली असते. जुने प्रोग्राम तिथे जसेच्या तसे चालतात. प्रिंटर भंगारात गेला, रिपोर्ट मेलवर जायला लागला, तरी प्रश्न रोज यायचा आणि लक्ष्मीकांत रोज शून्य दाबायचा. रजेवर असला तर मला फोन, "गजा, दाबलंस का?" साहेबांनी हे जुनं बंद करा म्हटलं की गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "हात लावाल तर अख्खा साठा कोसळेल." धादांत थाप! मला ठाऊक होतं, पण मी कधी बोललो नाही.

त्याच्या जागी आलेली गुजराती आकांक्षा मात्र हुशार निघाली. तिसऱ्याच दिवशी तिनं प्रोग्राम उघडून वाचला.

"काका, प्रिंटर तर छे ज नहीं, मग हा विचारतो कोणाला? एकच ओळ आहे. काढून टाकू ने?"

लक्ष्मीकांतनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची टिंगल करणार होतो, पण पडद्याकडे वळलो. त्यानं तेव्हा वेळेवर तोंड उघडलं असतं तर, म्हणून त्याचा रागही आला, आणि कीवही. त्या ओळीशेजारी निरुपमाची आद्याक्षरं होती, तारीख होती. ती त्यानं चष्मा पुसून वाचली.

"काढ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो अर्धा चहा टाकून सवयीनं उठला. मी मागोमाग गेलो. पडद्यावर काहीच नव्हतं. रिपोर्ट केव्हाच गेला होता. तरी तो शून्यावर बोट ठेवून उभा राहिला.

"गजा, इतकी वर्षं ती विचारत राहिली आणि मी हो म्हणत राहिलो," तो म्हणाला. "मला तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती राहूनच गेली."