चंपाला मरू द्या

यमुनाबाई कादंबरी ऐकायची ती विड्या वळता वळता, आणि पान आवडलं नाही की म्हणायची, "छाट." ठेकेदाराचा माणूस विड्या तपासताना चांगल्या विड्याही बाजूला फेकायचा, तेव्हा तोही हाच शब्द वापरायचा. त्याच्यापुढे ती गप्प असे. लेखकांना मात्र सोडत नसे.

गोंदियात आमच्या घराला लागूनच तिची ओसरी. सातवीत असताना तिथे बसून मी तिला सात अमर माणसांची एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवली होती. शाप, पिशाच्चं, हजार वर्षांचे राजवाडे. यमुनाबाईचा जीव अडकला तो त्यांच्या मोलकरणीत, चंपात. "सात जन हायेत, हजार वर्षं जगले, अन् एकालेही भाजी करता येत नाई? शिकले काय मंग?"

पहिला भाग संपला तेव्हा चंपा शेवटच्या घटका मोजत होती. दुसरा भाग द्यायला लेखकाने पंधरा वर्षं लावली. त्याला कसली घाई? तोवर मी विडी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहू लागले आणि यमुनाबाईची छाती तंबाखूच्या धुळीने भरली. "आता काई उरलं नाई, पोरी," ती म्हणे. "चंपाचं काय झालं, तेवढं ऐकून जाईन."

यंदा तो भाग आला. वाचनालयातून आणून आठ दुपारी वाचला. तिला धाप लागायची, तरी हात चालूच. शेवटी अमरांनी खूश होऊन चंपाला अमृत पाजलं. त्या प्रसंगावर लेखकाने चार पानं फुलं उधळली आहेत. आणि लगेच पुढची ओळ: 'चंपा हसतमुखाने चुलीकडे वळली.'

यमुनाबाईचे हात थांबले.

"म्हंजे हिले आता मरनाचीही सुट्टी नाई. अन् याले बक्षीस म्हनून रायला का वो तो?"

"तसंच लिहिलंय."

"तू पत्रकं लिवतेस ना? मंग चंपाले मार."

"पुस्तक वाचनालयाचं आहे, बाई."

"त कागद चिकटव."

मी लिहिलं: 'चंपाने अमृताचा पेला धुडकावला आणि युगानुयुगांच्या शोषणाविरुद्ध...'

"छाट. ते मरून रायली, भाषण कायले देईन?"

मी पुन्हा लिहिलं. चंपाने पेला उपडा ठेवला. चूल विझवली. अंगणात खाटेवर पडली आणि सकाळी उठली नाही. यमुनाबाईने ते दोनदा वाचायला लावलं. "हं. चालन," म्हणाली आणि विडीचं पुढचं पान कापायला घेतलं.

दोन आठवड्यांनी ती गेली. शोकसभेला ठेकेदार भलामोठा हार घेऊन आला आणि माईकवर म्हणाला, "आखरी दिन तक हाथ नहीं रुका. ऐसी बाई कभी मरती नहीं." लोकांनी माना डोलावल्या. लाज त्यालाही वाटली नाही, लोकांनाही नाही. मग आमच्याच कार्यकर्त्यांनी मुठी उगारल्या: "यमुनाबाई अमर रहे."

किती मेलेल्या बायांसाठी ही घोषणा मी स्वतः दिली आहे. त्या दिवशी मी माईक हिसकावून घेतला.

"बंद करा," मी म्हणाले. "ती मेली आहे. तंबाखूच्या धुळीने मेली आहे. आधी एवढं म्हणा."