चूलबंद नावाची नदी आणि चांदपूरचे रोडगे

थंडी पडली की माझ्या सासूबाई आमच्या नागपूरच्या घरी उन्हाच्या तिरपीत बसून तुरीच्या शेंगा सोलतात. तशाच सोलता सोलता एक दिवस म्हणाल्या, "तनूचा नवस फेडाचा राहून गेला, बाई. आता शेतातलं धान बी निंगलं. यंदा चूलबंद करू. सारे पायजेत."

झालं! मी लगेच मोबाइल उघडला. मी मूळची नाशिकची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी विदर्भातली नावं मला अजून नकाशावर शोधावी लागतात. आणि चूलबंद सापडलंही की हो! भंडारा जिल्ह्यात, साकोली-लाखांदूरच्या बाजूला वाहणारी छानशी नदी. म्हटलं, काठावर एखादं मारुतीचं देऊळ असणार. साकोलीच्या एका लॉजमध्ये खोल्या सांगून ठेवल्या आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, "येत्या शनिवारी चूलबंद! सगळ्यांनी यायचं आहे." पटापट अंगठे आले. "हाव हाव, येतो." एकानेही विचारलं नाही की बाई, कुठे? मला वाटलं, काय शिस्तीचं सासर आहे माझं.

तनू कोण, ते सांगते. माझे धाकटे दीर सुनील गेले तेव्हा त्यांची ही मुलगी अगदी लहान होती. पुढे सासूबाईंनीच माझ्या धाकट्या जावेच्या, ज्योतीच्या, मागे लागून तिचं दुसरं लग्न लावून दिलं. आता ती वरठीला असते. नवरा रमेश तिथल्या पोलाद कारखान्यात आहे, घरात त्याची आई आहे, आणि तनूही त्यांच्याकडेच वाढते आहे. मागच्या पावसाळ्यात तनूला ताप आला आणि तो काही केल्या उतरेना, तेव्हा सासूबाईंनी इकडे नागपुरात हात जोडले होते. पोरगी बरी झाली. नवस मात्र तसाच राहिला होता.

आता गंमत ऐका. दोन दिवसांनी सिहोऱ्याहून मोठ्या दिरांचा, म्हणजे माझ्या भासऱ्यांचा, माझ्या नवऱ्याला, विलासला, फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"अरे विलास, रोडग्याचं पीठ मी चांदपूरले घेऊन जाऊन राहिलो. तू साकोलीले खोल्या काहून घेतल्या?"

विलासने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चूलबंदला जायचंय ना?"

पलीकडून असं हसू फुटलं की मला फोन उचलून फेकावासा वाटला. सासूबाई तर शेंगांची परात बाजूला ठेवून हसत होत्या.

चूलबंद हे काही जायचं ठिकाण नाही. ते आवतन आहे, म्हणजे आमंत्रण. इकडे कुणाला जेवायला बोलावण्याच्या पायऱ्या असतात. घरातून एकाच माणसाला सांगतात, नवराबायकोला जोडीनं सांगतात, आणि सगळ्यात वरचं म्हणजे चूलबंद. त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. सासूबाईंनी चांदपूरच्या मारुतीला बोलून ठेवलं होतं की सगळ्या घरच्या चुली बंद करून तुझ्या पायाशी रोडग्यांची पंगत घालीन. ग्रुपवर सगळ्यांना माझा निरोप बरोब्बर कळला होता. कळला नव्हता तो मला एकटीला!

साकोलीच्या खोल्या रद्द केल्या. हसून झालं. मग सासूबाईंनी विचारलं, "ज्योतीले काय सांगतलं तू?"

ज्योती आमच्या ग्रुपवर नाही. तिला मी वेगळा फोन केला होता. मी म्हटलं, "तू आणि तनू दोघी या, असं सांगितलं."

सासूबाईंचं हसू गेलं. "म्हंजे घरातून दोघींले. अन् बाकी साऱ्यांले चूलबंद. तिच्या सासूले काय वाटलं असन? अन् मंग तिच्या घरी चूल तं पेटनच ना? ज्या चुलीवरचं तनू रोज खाते, तेच चूल पेटली तं नवस कायचा फिटला, बाई?"

मी म्हटलं, आत्ता फोन करते आणि सांगते, सगळे या. त्या नाही म्हणाल्या. घरच्यांचं ठीक, पण दुसऱ्या घरी चूलबंदचं आवतन फोनवर देत नाहीत, दारात जाऊन कुंकू लावून द्यावं लागतं. आणि खरी अडचण पुढेच होती. "त्या घरचं आमाले नातं काय? कोणत्या हक्कानं त्याहिची चूल बंद कराले सांगू?" लग्न लावून दिल्यापासून सासूबाई वरठीच्या त्या घराची पायरी चढलेल्या नव्हत्या. तनूच सुट्टीत आमच्याकडे यायची. आपल्या मेलेल्या मुलाच्या बायकोची नवी सासू, या नात्याला मराठीत शब्द आहे का, मी बराच विचार केला. तुम्हाला माहीत असेल तर खाली नक्की लिहा.

शुक्रवारी सकाळी निघालो. टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. मोठ्या कुटुंबाला माझा सल्ला असा की दोनतीन गाड्यांत वाटून जाऊ नका. एकाच गाडीत भांडणं होतात, पण चुकामूक होत नाही. भाडं ठरवताना ड्रायव्हरचं जेवण आणि मुक्काम कुणाकडे ते आधीच बोलून घ्या. आमच्यात कडेवरच्या बाळापासून गुडघे धरून चालणाऱ्या मामंजींपर्यंत सगळे होते, मागे नणंदेचं आख्खं घर होतं. भंडाऱ्याच्या अलीकडे तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की नाकातून पाणी! मामंजींना बिनतर्रीचे दिले तर ते रुसले. भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला लागलं की वरठी येतंच. सासूबाई पोहेही न खाता बसल्या होत्या, हातात कुंकवाची डबी घट्ट धरून.

वरठीत कारखान्याची पाळी सुटली होती. सायकली, मोटरसायकली, डबे लटकवलेली माणसं, त्या गर्दीतून गाडी इंचाइंचाने पुढे गेली. ज्योतीच्या घरासमोर आम्ही दोघीच उतरलो. तनू शाळेत आणि ज्योती बाजारात गेली होती. दार उघडलं ते रमेशच्या आईने. उंच, कोरड्या चेहऱ्याच्या बाई. "बसा," म्हणाल्या, आणि पाणी दिलं.

गावजेवणात शंभर माणसांना दटावून बसवणाऱ्या सासूबाई, पण इथे पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. शेवटी उठल्या, त्या बाईंच्या कपाळाला अंगारा लावावा तसं हळूच कुंकू टेकवलं आणि एका दमात म्हणाल्या, "उद्या चांदपूरले रोडगे हायेत. माह्या नातीचा नवस हाये. चूलबंद. तुमी सारे या."

त्या बाईंनी आमचे रिकामे पेले उचलले. मग म्हणाल्या, "आमाले तं दोघींचंच आवतन होतं ना?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "ते माझं चुकलं," मी म्हटलं. "मी नाशिकची आहे, मला चूलबंद म्हणजे नदी वाटली."

"नदी?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. हसल्या मात्र नाहीत. "पोराले आज रातपाळी हाये. सकाळी घरी येईन तं झोपन का तिकडं येईन, काय मालूम. इचारते." एवढंच.

गाडीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "येत नाईत त्या." आणि मग मोहाडी गेली, तुमसर गेलं, तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! एवढं प्लॅनिंग करून नेमका एक फोन चुकीचा केला होता मी.

मुक्काम सिहोऱ्याला, भासऱ्यांच्या घरी. मोठ्या कुटुंबाला लॉजपेक्षा हे कधीही बरं. गावातल्या बिछायतवाल्याकडून गाद्या, रग आणि मोठी गंजं, म्हणजे पातेली, भाड्याने मिळाली. बिछायत म्हणजे इकडचं मंडपाचं दुकान. बायका आणि बाळं आतल्या खोल्यांत, पुरुष पडवीत. स्वेटर विसरू नका, थंडी हाडात शिरते. अंगणात शेकोटी होती, बाजूच्या वावरात धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंज्या, उभे होते आणि पोरं त्यांच्याभोवती लपंडाव खेळत होती. जेवताना मी भासऱ्यांना विचारलं की मग त्या नदीचं नाव चूलबंद का?

"पुरात काठच्या साऱ्या चुली इझत असतीन," ते म्हणाले.

"खरंच?"

"मले काय मालूम! तुमीच शोधा, तुमाले नकाशे येतात." पुन्हा सगळे हसले. हे आता मला जन्मभर ऐकावं लागणार.

शनिवारी सकाळी चांदपूर. सिहोऱ्याहून जवळच आहे. टेकडीवर मारुती आणि खाली भलामोठा तलाव. धुकं हललं तेव्हा पलीकडचं जंगल दिसलं आणि आमची सगळी पोरं एकदम गप्प झाली, हे विशेष. पायऱ्या म्हाताऱ्यांना दमवतात, म्हणून मामंजींना सकाळच्या थंडाव्यातच वर नेऊन आणलं. शनिवारी गर्दी असते. स्वयंपाकाला झाडाखाली सावलीची जागा हवी असेल तर लवकर पोचा.

रोडगे कसे करतात ते मी पहिल्यांदा नीट बघितलं. गव्हाचं जाडं पीठ घट्ट भिजवायचं, लहान-मोठ्या पाऱ्या एकात एक घालून गोळा वळायचा. तिकडे गोवऱ्यांचा हार, म्हणजे रास, लावून पेटवायचा, निखारे झाले की त्यात गोळे पुरायचे. भाजले की फडक्यात घेऊन राख झटकायची आणि फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पळसाच्या पत्रावळी. नणंदेने मला एक गोळा वळायला दिला. माझा फुटला. "हा नाशिकचा," म्हणत तिने तो वेगळा ठेवला.

दुपार चढली. भाजी झाली, रोडगे झाले, पोरं पत्रावळींवर बोटांनी वाजवायला लागली. सासूबाई पंगत बसवेनात. "नैवेद्य दाखवा ना माय," भासरे दोनदा म्हणाले. त्या रस्त्याकडे बघत होत्या. मी ज्योतीला फोन लावला, लागला नाही. नणंद मला हळूच म्हणाली, "लेकरं भुकेनं कावली, वैनी. किती थांबाचं?" सासूबाईंना घाई करायला मी कोण? मीच तो घोळ घातलेला.

शेवटी त्या स्वतःच उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वाढा."

पहिल्या पत्रावळीवर वरण पडलं आणि पायथ्याशी एक मोटरसायकल थांबली. रमेश, मध्ये तनू, मागे ज्योती. पाठोपाठ ऑटो, आणि त्यातून त्या उंच बाई उतरल्या. रमेशचे डोळे लालभडक, अंगावर कारखान्याचाच शर्ट. पाळी संपली तसा झोपला नव्हता बिचारा. तनू पळत आली आणि आजीच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली.

रमेशची आई धापा टाकत झाडाखाली आली. सासूबाई समोर गेल्या. मग त्या बाईच म्हणाल्या, "उशीर झाला, बाई. पोराले घरी चाय लागते, त्याच्याबिगर त्याचे डोळे उघडत नाईत. आज घरी केली नाई. टेशनपाशी टपरीवर पाजली अन् मंग निंगालो."

"चाय बी नाई केली?" सासूबाईंनी विचारलं.

"चूलबंद म्हनलं ना तुमी? मंग चाय तरी कशी करू?"

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आम्ही बाकीच्यांनी, खरं सांगते, सकाळी सिहोऱ्याला दोन-दोनदा चहा घेतला होता. सासूबाईंनीही! त्यांनी त्या बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "या ईनबाई. बसा." ईनबाई म्हणजे विहीणबाई. मला नकाशात, कोशात कुठे सापडला नव्हता तो शब्द त्यांनी हात धरता धरता काढून दिला. नैवेद्य झाला, पहिला रोडगा तनूच्या पानात पडला आणि दुसरा ईनबाईंच्या. माझा फुटलेला रमेशने खाल्ला. तोही मागून घेऊन.

रविवारी परतताना आंबागडावरून गायमुखला गेलो. डोंगरात महादेवाचं स्थान, दगडी गोमुखातून पडणारं गार पाणी, झाडी आणि भरपूर माकडं. हातात खाऊ दिसू देऊ नका, आमचं चिवड्याचं पाकीट गेलं. आंबागडचा किल्ला फक्त खालून बघितला. मामंजींना घेऊन चढणं शक्य नव्हतं आणि पोरांना एकटं सोडणं त्याहून नव्हतं.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. कपड्यांना येणारा गोवरीच्या धुराचा वास धुऊनही जात नव्हता, तो आता गेला. मागच्या आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. दारात रमेश आणि त्याची आई. त्यांनी घराला नवी खोली काढली होती, तिची पूजा होती. ईनबाईंनी आधी सासूबाईंना कुंकू लावलं, मग मला, आणि म्हणाल्या, "रविवारी या."

"कोण कोण?" मी खात्री करून घ्यायला विचारलं. एकदा हात पोळलेले.

त्या बाई पहिल्यांदाच हसल्या. "नदीवर या, बाई," म्हणाल्या. "साऱ्याच्या सारे."

रविवारी पहाटे उठून मी सवयीने चहाचं आधण ठेवायला गेले. सासूबाई माझ्या आधीच ओट्यापाशी उभ्या होत्या, सिलिंडरचं बटण बंद करत.

"भंडाऱ्याले पिऊ," त्या म्हणाल्या.