पालखीखालची थोरल्याची जागा

ती यात्रा आजही डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात साताऱ्याहून बदली होऊन मी इस्लामपूरकडच्या एका ठाण्यात फौजदार म्हणून आलो होतो. आमच्या खात्यात दोन इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडी असत, प्रिव्हेंट आणि रूल आऊट. गुन्हा आधीच अडवला की प्रिव्हेंट केला, आणि एखादी शक्यता सोडून दिली की रूल आऊट केली. मीटिंगमध्ये हे शब्द अधूनमधून टाकले की वरिष्ठांचा चेहरा जरा सैल व्हायचा. मीही टाकत असे.

यात्रेच्या बंदोबस्ताच्या ड्यूट्या लावत होतो, तेव्हा एक म्हातारी आली. हवालदारानं बाक दाखवला, पण ती उभीच राहिली.

"सायब, माझ्या ल्योकाला यात्रा हुईपतूर आत टाका."

तिचा धाकटा मुलगा पलटणीतून रजेवर आला होता. थोरला बांधाच्या वादात विहिरीवर मारला गेला, असं घरच्यांचं म्हणणं. भावकीतल्या एकावर खटला चालला. सांगलीच्या कोर्टात वकिलानं डॉक्टरांना विचारलं, विहिरीच्या पायरीवर पडून डोक्याला अशी जखम होऊ शकते का? डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, ती शक्यता रूल आऊट करता येत नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. आता धाकट्यानं कोयत्याला धार लावून ठेवली होती. पालखीवर गुलाल उधळला की सगळी माणसं सारखीच दिसतात, कोण कुठून आला आणि कुठे गेला कळत नाही. म्हातारीला नेमकी त्याचीच भीती होती.

"गुन्ह्याआधीच, कलम एकशे एक्कावन्नखाली अटकेत घेतो. प्रिव्हेंटिव्ह," मी म्हणालो.

"म्हंजी कागद हुनार. पल्टणीत कळंल, नोकरी जाईल. तसं नगं. आन मी आल्ते, ह्ये त्येला कळू देऊ नगा."

अटक करायची नाही, कागद करायचा नाही, आणि माणूस मात्र वाचवायचा. मनातून चिडलो, पण तिच्या तोंडाकडे पाहून हो म्हणालो.

रजेवरच्या जवानांची चौकशी चालू आहे, असं सांगून मी मुलाला बोलावलं. तो सावधान उभा राहिला. पलटण कुठली, रजा किती, असं इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर मी सरळ विचारलं, "यात्रेत काही गडबड होईल का रे?"

"रूल आऊट करता यायचं न्हाई, सायब. कोर्टात डागदर म्हणलं तसंच."

खोटं बोलणारा माणूस लांबण लावतो. हा एका वाक्यात थांबला, म्हणजे खरंच बोलत होता. धमकावून उपयोग नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "थोरला असता तर यात्रेला काय करत असता?"

त्याची नजर पहिल्यांदा खाली गेली. "पालखीचा म्होरला खांदा आमच्या घरचा. त्यो गेल्यापास्नं जागा मोकळीच हाय."

मला वाट सापडली ती तिथे. त्या गावात पालखीला खांदा देणारे नदीत बुडी मारून उघड्या अंगानं, ओल्या धोतरात येतात. कोयता लपवायला जागाच नाही. आणि एकदा दांडी खांद्यावर घेतली की देवळापर्यंत सोडायची नाही. मी म्हातारीला निरोप धाडला. तिनं मुलाला एवढंच म्हटलं, "थोरल्याची जागा औंदा मोकळी ठिवू नगंस." त्याला नाही म्हणता आलं नाही.

अडचण एकच होती. दांडीच्या दुसऱ्या बाजूला खांदा देणारा तोच, सुटलेला माणूस होता. मानकऱ्यांनी मला तसं बजावलंही. मी तरीही बेत बदलला नाही. साध्या कपड्यांत दांडीला खेटून चालत होतो, आणि गुलालानं डोळे चुरचुरत असूनही मिटत नव्हतो.

देवळाच्या पायऱ्यांवर सुटलेल्याचा पाय घसरला. तो गुडघ्यावर आला, डोकं दगडाच्या कडेपाशी. पालखी एका अंगाला कलली. धाकट्यानं नुसता खांदा काढून घेतला असता, तर दांडी त्या माणसाच्या टाळक्यात बसली असती, आणि तो अपघात आहे ही शक्यता कोणत्याही डॉक्टरला रूल आऊट करता आली नसती. धाकट्यानं सगळं वजन स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मानेच्या शिरा तटतटल्या. तो खाली बघून म्हणाला, "पायरी हाय. बघून ऊठ."

दुसऱ्या दिवशी त्यानं कोयता आणून माझ्या टेबलावर ठेवला. डायरीत मी लिहिलं, यात्रा शांततेत पार पडली.

रजा संपल्यावर त्याला गाडीत बसवायला म्हातारी स्टँडवर आली होती. गाडी गेली तरी ती हलेना. मी जवळ गेलो, म्हटलं, आता काळजी सोडा.

"सायब, थोरल्याच्या टायमाला कोन आलं हुतं का वो तुमच्याकडं सांगाया?"

मी माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांकडून ऐकलं होतं, कोणी आलं नव्हतं. तसं सांगितलं.

"मला ठावं हुतं त्येंचं भांडान. पर म्हणलं, भावकीच हाय, तसलं काय हुनार न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवा मीच आले न्हाई."

त्यानंतरच्या नोकरीत, कोणी दारात येऊन भीती सांगितली की "तसं काही होणार नाही" हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. मी बाक पुढे सरकवत असे आणि म्हणत असे, बसा, सगळं सांगा.