हिरवा पडदा आणि झेंडूचा हार

आमच्या ऑफिसचं नेटवर्क बंद पडू नये म्हणून मी जे काही केलं, त्यामुळेच ते बंद पडलं. बाकी माझा त्यात काहीही दोष नाही.

ऑफिस माझ्या सासऱ्यांचं, पनवेलात, पहिल्या मजल्यावर. न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तिथे तयार होतात. पाच कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर सगळ्यांच्या फायली पोटात घेऊन बसलेला सर्व्हर. सासरे, म्हणजे नाना, मालक. माझी बायको स्मिता कागदपत्रं बघते. नानांची थोरली बहीण आक्का चहापासून चाव्यांपर्यंत सगळं बघते. आणि मी नेटवर्क बघतो. (नुसताच बघतो, असं स्मिताचं मत.)

ते मत बदलायला मी एक भारी प्रोग्राम बसवला. कुठलं मशीन तापलं, कुठली डिस्क भरत आली, कुठली वायर कुरकुरतेय, सगळं आधीच सांगणारा! भिंतीवर टीव्ही लावला. सगळं ठीक असेल तर पडदा हिरवा, जरा कुठे खुट्ट झालं की लाल आणि वर भोंगा.

पहिल्याच दिवशी दहाच्या आत भोंगा अकरा वेळा वाजला. प्रिंटरमधला कागद संपला, भोंगा! स्मिताने दोन फायली एकदम उघडल्या, भोंगा! आणि नाना म्हणजे विजा कडाडल्या की आधी मेन स्विच बंद करणारा माणूस. भोंगा वाजला की ते ओरडायचे, "बंद करा सगळं! आधी बंद करा!" पूर्वी आमचं नेटवर्क वर्षातून दोनदा बंद पडायचं. आता आम्ही ते दिवसातून दहादा हाताने बंद करू लागलो.

चौथ्या दिवशी नाना म्हणाले, "जावईबापू, परत यो भोंगा वाजला ना, तर टीव्हीसकट खाडीत टाकीन."

मग मी तोच उपाय केला, जो आपल्याकडे मोठमोठे साहेब करतात. धोक्याची रेषाच वर सरकवली! सर्व्हर साठ डिग्रीला ओरडायचा, त्याला सांगितलं, पंचाण्णवशिवाय तोंड उघडायचं नाही. पडदा हिरवागार झाला तो झालाच. नाना आल्यागेल्याला टीव्ही दाखवायला लागले. "आमच्या जावयाचं काम हाय. बगा, एक लाल ठिपका दिसतो काय?" मी आपला विनयाने खाली बघायचो.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी मशीनची पूजा होते आणि घातलेला हार आपणहून गळेपर्यंत काढत नाहीत. पाच कॉम्प्युटरना साधे हार. सर्व्हर मात्र माझा लाडका! त्याला मी दुपदरी, मनगटाएवढा जाड हार आणला, पुढून मागून गुंडाळला आणि घसरू नये म्हणून सेलोटेप लावली. दृष्ट लागावी असा दिसत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कोपऱ्यात उभी राहून बराच वेळ बघत होती.

"जावईबापू, या डब्यावरचा हार बगा. बाकीच्यांची फुलं ताजी हायत, याची एका रात्रीत चुरचुरीत झाली. याला ताप हाय."

मी हसलो. (आता आठवलं की कान गरम होतात.) "आक्का, सर्व्हरची तब्येत झेंडूवरून कळत नसते. त्याला शास्त्र असतं. तो पडदा बघा, हिरवा आहे की नाही?"

"हाय बाबा हिरवा," आक्का म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

त्याच दुपारी नानांचे चुलतभाऊ हिरामणकाका ऑफिसात येऊन बसले होते. त्यांनी खाडीकाठच्या खाजणात कोळंबीची शेती केली होती आणि तिचा पहिलावहिला कंटेनर परदेशी निघाला होता. पाचच्या आत कागद गेले नाहीत तर जहाज सुटणार. काका नवीन शर्ट घालून आले होते आणि गुडघा सारखा हलवत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी स्मिता म्हणाली, "अहो, फाइल उघडत नाहीये."

"उघडेल. पडदा हिरवा आहे."

"अहो, कुणाचीच उघडत नाहीये!"

"तुझा माउस बघ आधी."

असा मी वीस मिनिटं पाचही कॉम्प्युटरचे माउस, वायरी आणि स्वभाव तपासत होतो! काका उठून उभे राहिले. "जावईबापू, सगळं हिरवं हाय, तर माझी कोळंबी का अडकली?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हरवर नजर ठेवणारा तो प्रोग्राम मी सर्व्हरमध्येच बसवला होता! सर्व्हर मेला, त्याच्याबरोबर तोही मेला आणि टीव्हीवर त्याचा शेवटचा हिरवा फोटो तेवढा राहिला.

आक्का तोवर कोपऱ्यात पोचली होती. तिने सर्व्हरवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! तवा झालाय नुसता!" तिने हार ओरबाडून काढला. खाली हवेची सगळी भोकं, पुढची आणि मागची, झेंडूने गच्च बुजलेली. तिने टेबलफॅन आणून सर्व्हरच्या तोंडावर लावला. आम्ही सगळे भोवती उभे. हिरामणकाका हात जोडून.

चार त्रेपन्नला मी बटण दाबलं आणि सर्व्हर घरघरला. चार अठ्ठावन्नला कागद गेले. काका मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे पुसले.

मग नानांनी शांतपणे विचारलं, "भोकांवर टेप लावून हार कोणी चिकटवला?"

मी टीव्हीकडे बघू लागलो. पण टेपचं टोक पुढच्या वेळी सापडावं म्हणून दुमडून ठेवायची सवय घरात एकट्या मला आहे. स्मिताने ते दुमडलेलं टोक उचलून सर्वांना दाखवलं. वीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पाहिला नव्हता.

आता टीव्हीवर क्रिकेट लागतं. रोज सकाळी मी मार्केटमधून सहा झेंडू आणतो, आक्का प्रत्येक मशीनवर एकेक ठेवते (भोकं सोडून) आणि दुपारी बघते. ज्याचं फूल सुकलं, ते मशीन उघडायचं. मागच्या महिन्यात तिने स्मिताच्या कॉम्प्युटरचा बिघडलेला पंखा असाच पकडला.

परवा आक्काने सातवं फूल मागवलं आणि माझ्या टाळूवर ठेवलं. "सगळ्यांचं बगतो, तुमचं पण बगायला नको काय?"

संध्याकाळी तिने ते उचलून पाहिलं. सकाळी होतं तसंच टवटवीत!

"थंडगार हाय," ती नानांना म्हणाली. "चालूच केलं नाय वाटतं."