नव्या तबकडीला जुनं करताना

कऱ्हाळे सर घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. फळ्यावर चित्र काढताना खडूची धूळ काचेवर बसू नये म्हणून, असं ते सांगत. त्यामुळे वेळ बघायची तर त्यांना तळहात वर करावा लागायचा, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कुणाकडं तरी काहीतरी मागतोय. कुरुंद्याच्या शाळेत आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला तसा हात केलेला असतानाच पकडलं. म्हणाले, "कर, कर. हातात काही पडलं तर मला बी सांग."

ते चित्रकलेचे शिक्षक. आमच्या शाळेत त्या तासाला फारशी किंमत नव्हती. गणिताचे सर तो मागून घ्यायचे आणि हे देऊन टाकायचे. जो तास उरायचा त्यात ते आम्हाला रंगाला हात लावू देत नसत. समोर एखादा तांब्या किंवा कांदा ठेवून नुसतं बघायला लावायचे. पोरं कुरकुरली की म्हणायचे, "रंग कुठं पळून न्हाई राहिला. आधी बघा. बघितल्याबिगर काढलेलं चित्र म्हणजे ऐकीव गोष्ट."

माझे वडील मेंढरं राखायचे. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार हे घरात ठरलेलंच होतं, आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नव्हतं. सर मेंढरं बसवलेल्या शेतात आले. वडिलांच्या शेजारी ढेकळांत बसले, आधी लोकरीचं बोलले, मग चाऱ्याचं, आणि उठता उठता म्हणाले, "दादा, पोरगी शिकली म्हणून तुमचं एक बी मेंढरू कमी व्हणार न्हाई." वडिलांना हसू आलं. त्या हसण्यावर मी बारावी झाले, मग बी.ए. झाले. आज हिंगोलीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. सरांसाठी आपल्यालाही कधी काही करता यावं असं मला फार वाटायचं. ती वेळ आली, तेव्हा माझ्या हातात बघत बसण्यापलीकडे काही नव्हतं.

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या पत्नी, गयाकाकू, विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग गल्ली, मग माणसं. मला त्या ओळखायच्या. दारात दिसले की म्हणायच्या, "सुमे, वाळलीस गं, हिंगोलीत भाकर मिळत न्हाई का?" आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या सरांकडं बघून हळूच विचारायच्या, "हे पाव्हणे कोण?" सरांचा चेहरा त्यांच्या मनातून गेला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, आता फक्त घरातल्या जुन्या वस्तू बदलू नका.

पण घड्याळ काकूंना ठाऊक होतं. ते त्यांच्या वडिलांनी लग्नात सरांना दिलेलं, चावीचं घड्याळ. तबकडी एके काळी पांढरी असणार. मी बघितली तेव्हा ती तुपाच्या बेरीच्या रंगाची झाली होती, खाली डाग पडले होते, एक आकडा अर्धा उडाला होता. घरात परका पुरुष बघून काकू घाबरल्या की सर त्यांच्यापुढं बसायचे आणि तळहात वर करायचे. काकू मनगट धरायच्या, तबकडी निरखायच्या, काचेवरून अंगठा फिरवायच्या. मग त्यांचा श्वास संथ व्हायचा. "तुमीच व्हय. मला वाटलं कोण आलं." आणि चहा टाकायला उठायच्या. दिवसातून कितीतरी वेळा हे व्हायचं. सर एकदाही कंटाळलेले मी पाहिले नाहीत. म्हणायचे, "रोज नव्यानं पसंत पडून राहिलो. असं कुणाचं नशीब?"

त्यांचा मुलगा विकास पुण्याला असतो. त्या दिवाळीला तो जरा आधी आला. घड्याळ मधूनमधून बंद पडत होतं, म्हणून दुरुस्त करून आणतो म्हणाला आणि घेऊन गेला. आपल्याकडं दुरुस्ती म्हणजे वस्तू नवी दिसली पाहिजे. सायकल दुरुस्तीला दिली तर रंग मारून यावी, तेव्हा पैसे देणाऱ्याचं समाधान होतं. विकासनं वडिलांना भेट म्हणून नवी कोरी तबकडी बसवून आणली, पांढरीशुभ्र, चकचकीत काट्यांची. जुनी कारागिराकडंच राहिली आणि कचऱ्यात गेली.

पाडव्याला मीही तिथं होते. काकूंनी ओवाळणीचं ताट तयार केलं. ते त्यांचे हात विसरले नव्हते. सर पाटावर बसले, काकूंच्या डोळ्यांत परकेपणा दिसला म्हणून सवयीनं त्यांनी हात पुढं केला. काकूंनी तबकडी बघितली, हात सोडला, आणि निरांजन विझवून आत गेल्या. आतून म्हणाल्या, "परक्या माणसाला मी काहून ओवाळू?"

विकास रडला. सरांनी त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. मी रागानं काही बोलायला गेले तर मलाच म्हणाले, "लेकरानं मायेपोटी केलं. मायेला कुठं शिव्या द्यायच्या असतात?"

त्या दिवसापासून सर स्वतःच्या घरात पाहुणे झाले. काकू त्यांना जेवायला वाढायच्या, पण पदर सावरून, मान खाली घालून. रात्री आतून कडी लावायच्या. सर ओसरीत झोपायचे. मी दर रविवारी एसटीनं औंढ्यावरून कुरुंद्याला जायला लागले. मला सुचलं ते एवढंच, की मोबाइलवर शोधावं. नवं घड्याळ घरच्या घरी जुनाट दिसेल असं करायची पोरांना हौस असते, त्याचे व्हिडिओ असतात. मी सरांना ते दाखवले. कुणी तबकडी ओव्हनमध्ये भाजत होतं, कुणी कॉफीत बुडवत होतं. सर चष्मा लावून शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "त्या पोराला घड्याळ जुनं करून फोटो काढायचाय. मला माझ्या घरात जायचंय. पण रीत एकच दिसून राहिली."

हिंगोलीत बसस्टँडजवळ एक घड्याळवाले चाचा बसतात. सर माझ्यासोबत गेले आणि नवी तबकडी काढून द्या, शिवाय सरावाला दोनचार टाकाऊ तबकड्या द्या म्हणाले. चाचा त्यांच्याकडं बघतच राहिले. "मास्तर, सारी दुनिया जुन्याचं नवं करायला आती मेरे पास. तुमी नव्याचं जुनं करायला निघाले. बराबर हाय ना तब्येत?" सर म्हणाले, तब्येत माझी बराबर आहे, घड्याळाचीच बिघडली.

मग सुरू झालं ते सगळं. टाकाऊ तबकडीवर चहाचं पाणी लावलं तर ते थेंब होऊन ओघळून गेलं. चकाकी काही धरू देत नव्हती. तव्यावर वाळू तापवून तिच्यात तबकडी ठेवली, तर रंगाला फोड आले. कुरुंद्यात तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते, सगळ्या गावाला तो ओला, मातकट वास. सरांनी हळद लावून बघितली. काय सुंदर पिवळेपणा आला. ती तबकडी त्यांनी काकूंना दाखवली. काकूंनी उलटीसुलटी करून बघितली आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. "याला तर हळद लागली. नवरदेवाचं घड्याळ दिसून राहिलं." आम्हीही हसलो. उन्हात वाळायला ठेवलेली ती हळद आठवडाभरात उडून गेली.

शेवटी सरांना जमलं. दंतमंजन ओल्या बोटावर घेऊन आधी चकाकी हळूहळू उतरवायची. चहा आटवून आटवून काकवीसारखा करायचा. ब्रशनं पातळ हात द्यायचा, पत्र्यावर उन्हात वाळवायचा, पुन्हा द्यायचा. रंग बरोब्बर बेरीचा आला. घड्याळाच्या तबकडीवर आता फक्त जुने डाग रंगवायचे होते. सरांनी बारीक ब्रश उचलला आणि तसाच धरून बसले.

"सुमन, डाग कुठं होते गं?"

मला फक्त खालच्या बाजूला एवढंच आठवत होतं. कुठला आकडा उडाला होता तेही सांगता येईना. सरांनाही येईना. "जन्मभर तुम्हाला बघा बघा म्हणलं," ते म्हणाले, "आन् मी नुसता टाइम बघितला."

फोटोतही काही सापडलं नाही. घड्याळ मनगटाच्या आत, फोटोत नुसता पट्टा. ती तबकडी नीट बघितलेलं माणूस घरात एकच होतं, आणि ते आत गहू निवडत होतं.

मी काकूंना बाहेर आणून बसवलं आणि विचारलं, काकू, मास्तरांच्या घड्याळावर डाग कसे होते हो? काकू एका क्षणाचाही विचार न करता बोलायला लागल्या. सहाच्या खाली एक डाग, करडाच्या कानासारखा. हौदात पडलेलं शेजारचं पोरगं काढायला यांनी घड्याळासकट हात घातला तेव्हाचा. "पोरगं वाचलं, पण आमचे हे रात्रभर थरथरत व्हते. लई भित्रे. तुला म्हणून सांगते, पालीला बी भितात." चाराचा आकडा अर्धा गेलेला. बाराजवळ बारीक ठिपके, वरच्या अंगाला जरा दाट. सर खाली मान घालून त्या सांगतील तसं काढत होते. काकूंनी वाकून बघितलं. "कान जरा लांब करा पाव्हणे. हां. अस्सा." मग मला म्हणाल्या, "हात चांगलाय यांचा. आमच्या यांना भेटवलं पाह्यजे, त्यांना बी चित्राचा नाद हाय."

सरांचा ब्रश थांबला नाही. मी उठून पाणी प्यायला गेले.

पुढच्या रविवारी चाचांकडून तबकडी बसवून आणली. सरांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, घड्याळ मनगटाच्या आत बांधलं आणि काकूंच्या पुढं बसून हात वर केला. काकूंनी मनगट धरलं. करडाच्या कानावर अंगठा ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं.

"हे त्यांचं घड्याळ हाय," काकू म्हणाल्या. "तुमच्याजवळ कसं आलं?"

सर म्हणाले, "गया, मीच हाय." काकू मागं सरकल्या. आता त्यांच्या आवाजात भीती होती. ते कुठं आहेत, त्यांना काय झालं, घड्याळ काढून का दिलं, असं त्या एकामागून एक विचारायला लागल्या. घड्याळ इतकं बरोबर झालं होतं की त्याच्या शेजारचा म्हातारा त्यांना खोटा वाटत होता. मी मधे पडून शपथेवर सांगितलं, काकू, हेच सर. त्यांनी माझ्याकडंही संशयानं बघितलं. हे त्यांनी पहिल्यांदाच केलं.

सरांनी मला हातानं थांबवलं. पट्टा सोडला आणि घड्याळ काकूंच्या ओंजळीत ठेवलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "ते बाजाराला गेलेत. ओझं उचलताना पट्टा तुटंल म्हणून घड्याळ माझ्याजवळ दिलं. घरी नेऊन द्या म्हणले. येतील."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मूठ मिटली. म्हणाल्या, मग बसा, ते आल्याबिगर जाऊ नका, घड्याळ आणून दिलेल्या माणसाला ते न जेवता सोडायचे नाहीत. सर ओसरीच्या कडेला बसले. दोघंही रस्त्याकडं बघत राहिली. बऱ्याच वेळानं काकूंनी विचारलं, "पाव्हणे, तुमची बी घरी कुणी वाट बघत असंल की?"

"व्हय," सर म्हणाले. "बघून राहिली."

त्यानंतर सरांनी ओळख पटवायचा नाद सोडला. ते वर्षभर पाहुणे म्हणूनच राहिले. सकाळी काकूंना विचारायचे, मास्तर आले का, आणि काकू म्हणायच्या, न्हाई, बसा. मी एकदा म्हणाले, सर, याची तुम्हाला किती तकलीफ होत असेल. म्हणाले, "ती माझीच वाट बघून राहिली न पोरी? दुसऱ्या कुणाची तर न्हाई."

सर पावसाळ्यात गेले, झोपेतच, ओसरीवर. काकूंना सांगितलं तर त्यांनी पाहुण्यासाठी हळहळ केली आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या. आता विकास सुट्टी काढून त्यांच्याजवळ राहतो. मी जाते तेव्हा घड्याळ त्यांच्या मुठीतच असतं. मागच्या रविवारी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"सुमे, यांचं तर समजलं, बाजारात येळ लागून राहिला. पण ते पाव्हणे काहून येईना गेले? भला माणूस व्हता. तो असला म्हणजे वाट बघायला बरं वाटायचं."