सारंगकोटचं भाषांतर

चंद्रपुरातून लोकांना परदेशात नेणारा मी पहिला माणूस, असं मी त्या काळात सांगत फिरायचो. परदेश म्हणजे नेपाळ. पासपोर्ट लागत नाही. बल्लारशाहून रेल्वेत बसलं की गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, आणि तिथल्या कमानीखालून चालत पलीकडे गेलं की परदेश. त्याआधी मी मार्कंड्याच्या जत्रेला गाड्या सोडायचो, ताडोबात माणसं न्यायचो. वाघ दिसला नाही तर माणसं माझ्याकडे असं बघायची, जणू मीच तो लपवून ठेवलाय. नागपूरच्या एका टूरवाल्यानं मला नेपाळातल्या पोखऱ्याबद्दल सांगितलं. तिथे डोंगर रोज जागेवर असतात आणि पॅराग्लायडिंग करायला मिळतं, म्हणजे मोठ्या कापडी छत्रीला लटकून डोंगरावरून तळ्यापर्यंत उडत यायचं.

मी एकटा जाऊन बघून आलो. तिथल्या सारंगकोटच्या टेकडीवर उभा राहिलो, लोक धावत कड्यापर्यंत जाऊन उचलले जाताना पाहिले. माझी पाळी आली तेव्हा पोट दुखतंय म्हणालो आणि जीपनं खाली उतरलो.

चंद्रपुरात परतल्यावर मात्र मी उडून आलेलो होतो. आधी कुणी विचारलं म्हणून तसं म्हणालो, मग न विचारताही सांगायला लागलो. वर गेल्यावर कान कसे गार पडतात, तळं ताटाएवढं कसं दिसतं, सगळं. दुसऱ्यांकडून ऐकलेलं होतं, पण सांगता सांगता मला स्वतःलाच ते आठवायला लागलं होतं.

पहिल्या टूरला अकरा जण मिळाले. त्यात एक शिंपी होते. गोल बाजाराजवळ त्यांचं दुकान, पॅन्ट-शर्टात हात असा की वरोऱ्याहून लोक कापड घेऊन यायचे. साठीला टेकलेले, दाढी पांढरी, गळ्यात कायम टेप. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. टूरच्या बॅगा त्यांनीच शिवल्या होत्या. बॅगा न्यायला गेलो तेव्हा मी सहज उडण्याचं वर्णन केलं, तर त्यांनी मशीन थांबवली.

"कपड्यावर मानूस उडते?" त्यांनी विचारलं. "शिलाई कोनती असते त्याची?"

मला काय माहीत. "डबल," मी म्हणालो.

"मले पाह्याची आहे," मास्टर म्हणाले. घरी बायको नको म्हणत होती. तरी ते आले.

दुसऱ्या एक नर्सबाई होत्या. चामोर्शीकडच्या एका उपकेंद्रात काम करायच्या. मूळच्या जंगलातल्या गावच्या, घरी गोंडी बोलणाऱ्या. पस्तिशीच्या, एकट्या आल्या होत्या. अकरा जणांत उडायची भीती ज्यांना मुळीच वाटत नव्हती, अशा त्या एकट्याच. रेल्वेत सगळे देवाचं नाव घेत होते, तर त्या म्हणाल्या, "पडलो तं पडलो. खाली तळं तं आहे."

टेकडीवर सकाळी ऊन छान होतं. समोर माच्छापुच्छ्रेचं बर्फाळ शिखर, खाली फेवा तळं. आम्हाला उडवणारा एक उंच गोरा माणूस होता, बोलणं भरभर, अर्धे शब्द दातांतच राहायचे. माणसाला पुढे बांधून तो मागे बसायचा. छत्री उचलून धरायला एक नेपाळी मदतनीस होता, तो आपल्यासारखंच स्वच्छ हिंदी बोलायचा. गोऱ्यानं विचारलं, यांना इंग्रजी कळतं का? मदतनीस पुढे झाला, तसा मी त्याला हातानं थांबवलं. "मी सांगतो," म्हणालो. माझ्या माणसांसमोर साहेबाशी इंग्रजीत बोलायची ती संधी मी कशी सोडणार होतो?

पहिल्या तिघांना मी सांगितलं तसं झालं. धावायचं, मधेच बसायचं नाही. उतरताना उभं राहायचं, पाय खाली सोडायचे आणि जमिनीला लागले की दोन-चार पावलं पळायचं. तिघंही हसत उतरले. वर परत आले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगतलं तसंच आहे!" मी मान डोलावली.

मास्टर चौथे, तोवर दुपार झाली होती. त्यांनी आधी छत्रीचं कापड हातात घेतलं, शिवण दोन बोटांत धरून ओढली, डोळ्याजवळ नेली. "मानलं," म्हणाले. गोऱ्यानं त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं, मग खाली तळ्याकडे पाहिलं आणि माझ्याशी बरंच काही बोलला. वारा, जोरात, सीट असे शब्द मला कळले. 'लेग्स अप' असं तो दोनदा म्हणाला. सकाळच्यासारखं नव्हतं हे, एवढंही कळलं.

मला ऐकू आलं नव्हतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ऐकू आलं होतं. नीट अर्थ लागला नाही आणि परत विचारायची लाज वाटली. मदतनीस तीन हातांवर उभा होता.

"ओके? सांगशील ना त्यांना?" गोऱ्यानं विचारलं.

"यस, यस," मी म्हणालो, आणि मास्टरांना सकाळचंच सांगितलं. उभं राहा, पाय खाली, मग पळा.

नर्सबाई पाचव्या होत्या, आमच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलल्या नाहीत.

मास्टर धावले, उचलले गेले, आणि वरून त्यांचा आवाज आला, हसण्याचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाव तासानं मदतनिसाच्या वॉकीटॉकीवर कुणीतरी बोललं आणि त्याचा चेहरा बदलला.

जीपनं खाली गेलो. नर्सबाई आधीच चढून बसल्या होत्या. तळ्याकाठच्या शेतात मास्टर बसलेले, उजवा बूट काढलेला, घोटा बाजूला वळलेला. ओठ पांढरे पडले होते, पण ओरडत नव्हते. नर्सबाईंनी पुठ्ठा मागवला, आपली ओढणी फाडली आणि पाय बांधायला घेतला. गोरा माझ्याकडे आला. खाली समोरून अडवणारा वारा पडला होता, म्हणून छत्री वेगानं येणार होती, सीटवर घसरत उतरायचं होतं, त्यासाठी पाय वर धरायचे होते. हे आता तो सावकाश बोलत होता आणि मला सगळं समजत होतं. शेवटी त्यानं विचारलं, "तू त्यांना पाय वर सांगितलं होतंस ना?"

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

मग बाकीच्यांकडे वळून मराठीत म्हणालो, "मी सांगितलं होतं. घाबरून विसरले बिचारे."

मास्टरांनी वर पाहिलं. दोन क्षण आठवायचा प्रयत्न करत होते, ते मला दिसलं. "सांगतलं असन," ते म्हणाले. "मले ध्यान नाई राह्यलं. तो मागून काहीतरी वरडून राह्यला होता. मले वाटलं, उतर म्हनते." आणि मग, त्या अवस्थेत, "माफ करा भाऊ. माह्यामुळं तुमची टूर खराब झाली."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "होतं असं." तो हात मला आजही आठवतो.

पुढची सगळी उड्डाणं रद्द झाली. पोखऱ्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. दोन दिवसांनी परत निघालो. सोनौलीला बस थांबली तेव्हा बाकीचे चहाला उतरले. मास्टर मागच्या सीटवर झोपले होते. नर्सबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊ, एक इचारू? लेग्स अप म्हनजे पाय वर नं?"

मी खिडकीतून कमानीकडे पाहिलं.

"आमच्या ट्रेनिंगमंदी शिकवतात. शॉकमंदी गेलेल्या पेशंटाचे पाय वर करा म्हनून. तेवढं इंग्लिश मले समजते. अन तुमी मास्टरले पाय खाली म्हनलं."

"मग तेव्हा बोलला का नाही?" मी चिडून म्हणालो. मी चिडलो, हेही इथे लिहायला हवं.

"तुमी उडून आलेले," त्या शांतपणे म्हणाल्या. "मले वाटलं, तुमाले जास्त समजते."

मी त्यांना म्हणालो, कुणाला सांगू नका. घरी गेल्यावर मी स्वतः मास्टरांना सांगीन. त्यांनी मान हलवली आणि उठल्या.

मी सांगितलं नाही. प्लास्टर निघेपर्यंत थांबू म्हणालो. प्लास्टर निघालं, सांध्यातलं हाड जुळलं, पण घोटा वाकेना. शिंप्याची मशीन पायानं चालते. टाच-पंजा, टाच-पंजा, दिवसभर. मास्टरांचा पाय पाट्यावर दहा मिनिटं टिकेना. त्यांनी मशीनला मोटर बसवली. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असं, की दुपारची वीज गेली की चार-चार तास येत नसे. वीज गेली की मास्टर काज-बटणं करत बसायचे. पूर्वी ते काम ते बाहेर द्यायचे. लग्नसराईची कामं हळूहळू दुसऱ्या दुकानांत गेली.

मी त्या रस्त्यानं जाणं टाळायचो. पण ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो मी घ्यायचो, खायचो, धुऊन परत पाठवायचो. एकदा दुकानात गाठ पडली, तर गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देत म्हणाले, "यायनं बराबर सांगतलं होतं. मीच येडा, हवेत गेलो अन सारं इसरलो." गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो.

अशी चार वर्षं गेली. मग एका आठवडी बाजाराच्या दिवशी, चामोर्शीला, भाजीच्या रांगेत नर्सबाई भेटल्या. हालहवाल विचारला, मास्टरांचा पाय कसा आहे विचारलं. मग सहज म्हणाल्या, "त्यायले सांगतलं तवा काय म्हनले?"

मी खाली पाहिलं.

"मले वाटलं सांगतलं असन," त्या म्हणाल्या, आणि वांगी निवडायला लागल्या. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. वीज गेलेली होती, मास्टर एका शर्टाला बटणं लावत होते. गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मी कधी उडलोच नव्हतो, इथपासून.

मास्टरांनी सुई कापडात टोचून ठेवली. "मंग तो मागून वरडत होता..."

"पाय वर म्हणत होता."

"अन मी खाली केले," ते म्हणाले. उजव्या पायाकडे पाहत पुन्हा, "अन मी खाली केले."

मला वाटलं होतं शिव्या देतील. मी तशी तयारी करून गेलो होतो. त्यांनी काठी घेतली, उठले. "घरी चला. माह्या घरवालीले सांगा."

"मास्टर, तुम्हाला सांगितलं ना..."

"मले नाई. तिले सांगा."

घर मागच्याच गल्लीत. काठी टेकत ते पुढे, मी मागे. एवढ्याशा वाटेला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. घरात त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. मास्टर खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "बोला." मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर ते पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण त्या ऐकताना माझ्याकडे पाहतच नव्हत्या. नवऱ्याकडे पाहत होत्या.

"चार साल," त्या म्हणाल्या. "चार साल मैं इनको बोलती रही. बुढ़ापे में उड़ने चले, सुना नहीं, समझा नहीं, घर बैठ गए. बच्चियों के सामने बोली."

मास्टर भिंतीकडे बघत होते. बायकोचे डोळे भरले होते. माझ्या खोटेपणाचा हा भाग मला कधी सुचलाच नव्हता. मी पायाचाच विचार करत होतो. त्या घरात रोज उठून त्या माणसाला त्याच्या न झालेल्या चुकीबद्दल बोलणी खावी लागली होती, आणि तो मान खाली घालून ती खात होता. आता बोलणारीवरही पश्चात्तापाची वेळ आणली होती मी.

"अब आप जाओ भाऊ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मास्टर दारापर्यंत आले नाहीत.

त्यानंतर आम्ही रस्त्यात भेटतो तेव्हा ते मान हलवतात. थांबत नाहीत. ते ठीकच आहे.

मी नर्सबाईंच्या उपकेंद्रावर गेलो आणि त्यांनाही सांगितलं, की सांगून आलो. त्या लसींचा डबा भरत होत्या. "बरं केलं," म्हणाल्या. "लय उशीर केला, पन बरं केलं."

मी म्हणालो, बाई, तुमचं उडायचं राहून गेलं. माझी पुढची गाडी डिसेंबरात आहे. आता तिथे हिंदी बोलणारा माणूसच सगळं समजावतो, मी मधे पडत नाही. चला.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, थोडा विचार केला.

"नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मास्टरचा पाय हातात धरला नं, तवापासून मले भेव लागते. पयले नव्हतं लागत." आणि डबा खांद्याला अडकवून त्या गावात लस द्यायला निघाल्या.